जागृतीच्या झोळीवरचं छप्पर

मी आत्माराम गणपत म्हात्रे, वय एकाहत्तर, निवृत्त कारकून, राहणार वसई पश्चिम. डोकं ठिकाणावर आहे, मन नाही. तरी कोणाच्याही दबावाविना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव मुलगी संजना हिला मिळावी. तिने फ्लॅट विकला तरी चालेल. मलाच तिथे राहवत नाही.

२. शिलाई मशीन शेजारच्या रिटाताईंना द्यावं. त्यावर मी व माझी पत्नी कै. जागृती यांनी झाडांना बांधायच्या झोळीचं, मुलं जिला हॅमॉक म्हणतात तिचं, सगळं सामान शिवलं. पाठीमुळे तिला जमिनीवर झोपवत नसे, पण रानात मुक्कामाची हौस दांडगी. वालीवच्या बॅगांच्या कारखान्यातून उरलेलं पावसाळी कापड आणून आम्ही वरचं छप्पर बेतलं. जव्हारकडच्या पहिल्याच मुक्कामी दोरीवरून पाणी ओघळत झोळीत आलं. जागृतीने दोरीला सुतळीचा तुकडा बांधला. पाणी तिथूनच खाली गळू लागलं. चष्मा-गोळ्यांसाठी उशाशी टांगायची कप्प्यांची पिशवीही तिनेच बेतली.

३. धाकटा भाऊ धर्मा यास माझं काहीही मिळू नये. कारण नोंदवतो. कॅन्सर हाताबाहेर गेल्यावर जागृतीने एकच मागितलं: भुईगावच्या वाडीत चिकूच्या दोन झाडांमध्ये झोळी बांधून पडायचं. वाडी वाटणीत धर्माकडे गेलेली. मी विचारायला गेलो.

"दादा, वहिनीला आता नको आनू. जागा बघायला पार्टी येतेय. आजारी मानूस बघून मागं फिरतील."

मी हात जोडले. त्याने फाटक लावून घेतलं. पुढे ती झाडंही तोडली.

४. मग मी हॉलच्या भिंतींत हुक ठोकून झोळी बांधली. ती म्हणाली, "अहो, वर आपलं छप्पर?"

"अगं, स्लॅब आहे की."

"तो आपण कुठे केलाय?"

मी छप्पर ताणलं. त्याखालीच ती गेली.

हे सामान कोणाला द्यावं, सुचत नाही. संजना म्हणते, "बाबा, टाकून द्या ना आता." तिचं चुकत नाही. माझ्या चितेवर मात्र ठेवू नये. कापड नायलॉनचं आहे, आलेल्यांना धुराचा त्रास होईल.

५. मी आजारी पडल्यास मला यंत्रांवर ठेवू नये. तेराव्याचं जेवण घालू नये. रिटाताई म्हणतात, "भाऊ, वर भेटेल ती तुम्हाला." त्या मनापासून म्हणतात, म्हणून मी मान हलवतो. मला तसं वाटत नाही.

वरील मजकूर स्वतः वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) आत्माराम गणपत म्हात्रे

साक्षीदार:
(सही) स्टॅनी लोपीस, पापडी
(सही) डॉ. हर्षवर्धन राऊत, वसई

स्थळ: वसई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५