पाच वितींचं टेबल

प्रिय पोरी,

तुला काय म्हणून हाक मारायची हे अजून माझं ठरलेलं नाही. फोनवर तू मला ‘अहो’ म्हणतेस, मी तुला ‘अगं’, आणि आपलं नातं गेलं वर्षभर या दोन शब्दांवर बरं चाललंय. माझी लेक गेल्यावर माझ्या जावयाने जिच्याशी लग्न केलं ती माझी कोण, याला शब्द नाही. मी शोधून पाहिला. पत्राच्या शेवटी सही काय करायची तेही ठरलेलं नाही. लिहिता लिहिता सुचेल.

परवा दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी गणवेशांच्या ढिगात बसले होते. शाळा उघडायच्या आधीच्या दिवसांत माझ्या मशीनला उसंत नसते. निम्म्या गल्लीच्या पोरांचे गणवेश मी शिवते आणि माझी स्वतःची नात भिंगरी मात्र बिनगणवेशाची, यावरून शेजारीण मला अजून टोमणे मारते. तू म्हणालीस, ‘अहो, मी हात टेकले. मला नाही जमत हिला शिकवायला. शाळेत घालून टाकते.’ मग तुझा आवाज फुटला आणि लगेच म्हणालीस की सर्दी झालीय. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. तुला वाटलं असेल, म्हातारीला राग आला. राग नव्हता गं. सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. पत्रात बरं पडतं, मध्येच कुणी ‘ठेवते हं’ म्हणत नाही.

भिंगरीला शाळेत घालायचं तर खुशाल घाल, गणवेश मी शिवेन. जावयाचं काम पुलांचं. एक पूल उभा राहिला की बिऱ्हाड उचलून पुढच्या नदीकाठी. पोरगी एका वर्गात रुळते न रुळते तोच दुसरी शाळा, दुसरी बाई, पुन्हा पहिल्यापासून तोच धडा. म्हणून लेकीने तिला घरी शिकवायला घेतलं. त्यात मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. तू मात्र ते एखाद्या व्रतासारखं उचललंस, आणि ती जसं करायची तसंच आपल्याला करता आलं पाहिजे असं मनाशी घेऊन बसलीस.

ती कशी करायची ते मला विचार. तुझ्यापुढे जावयाने तिचं जे चित्र उभं केलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे. बिचारा कामावरून यायचा तेव्हा सगळं आवरून झालेलं असायचं. माझी लेक मला फोन करायची ती न्हाणीघरातून, आतून कडी लावून, उलट्या बादलीवर बसून. ‘आई, मी आज तिच्यावर इतकी ओरडले की तिने पुस्तक पलंगाखाली लपवलं. मला तिचा राग येतो गं. आईला राग येतो का असा?’ मी म्हणायचे, येतो, तू लहान होतीस तेव्हा मलाही यायचा. मग ती हसायची, नाक पुसायची, बाहेर जायची. हे भिंगरीला माहीत नाही, तिच्या बापालाही नाही. आता तुला माहीत आहे. परवा तुझा फोन आला तेव्हा मागे नळ ठिबकत होता. तूही तिथूनच बोलत होतीस, हो ना?

दमलेल्या दिवसासाठी तिने एक ठरवून टाकलं होतं, की आज आपण काही शिकवायचं नाही, पोरीने शिकवायचं. आपण पलंगावर आडवं व्हायचं आणि मठ्ठ विद्यार्थी व्हायचं. सात आणि आठ तेरा म्हणायचं. भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणायची, ‘काय गं, काल तर सांगितलं होतं, लक्ष कुठे असतं तुझं?’ हुबेहूब आईच्याच सुरात. लेक म्हणायची, आपण कशा बोलतो ते त्या दिवशी कळतं. दुसरं म्हणजे पुस्तक उघडायचा अगदीच जीव नसेल तर मटार सोलायला दोघींनी बसायचं आणि शेंग फोडायच्या आधी आत दाणे किती ते ओळखायचं. हरणाऱ्याने गोष्ट सांगायची. गोष्ट अर्ध्यावर सोडायची, पुढची दुसऱ्या दिवशी पोरीने लिहून आणायची. माझ्याकडून तिने बटणांचा डबा नेला होता. अपूर्णांक, पाढे, गुणाकार सगळं त्या बटणांवर झालं. डबा तुमच्याकडेच आहे, बहुतेक हिवाळी कपड्यांच्या ट्रंकेत. आणि रोज सगळं व्हायला पाहिजे असं काही नाही. ती म्हणायची, रोज एक गोष्ट नीट झाली की पाट्या टाकल्या असं नाही म्हणायचं, दिवस झाला असं म्हणायचं.

आता नव्या घराचं सांगते. तू म्हणालीस, सामान उतरवून झालं तेव्हा तू मोठ्या हौसेने मापाची टेप काढलीस, म्हटलं चला, याच निमित्ताने लांबी-रुंदीचा धडा होईल, आणि भिंगरी जिन्याखाली जाऊन बसली ती जेवायलाही उठेना. टेप नको तर हाताने मोजू म्हणून तू तिच्यासमोर दारावर आपला हात पसरलास, तर म्हणाली, ‘तुझा हात चुकीचा आहे.’ ते तुला फार लागलं. लागणारच. तू इतकी वर्षं औषधांच्या दुकानात काढलीस, तुझ्या हातून थेंब इकडचा तिकडे झाला नाही, आणि एवढीशी पोर तुझ्या हाताला चूक म्हणते.

त्याचं असं आहे. त्या दोघींचा एक रिवाज होता. नव्या घरात पाऊल ठेवलं की खोकी फोडायच्या आधी घर मोजायचं, लेकीच्या वितीने. ती भिंतीवर वीत टाकत जायची आणि भिंगरी मोठ्याने मोजत मागे. कपाट दारातून आत येईल का, पलंग खिडकीखाली मावेल का, सगळं वितीत. मग भिंगरी कागदावर घराचा नकाशा काढायची, त्यावर आकडे लिहायची, आणि तो दाराच्या मागे चिकटवला की ते घर त्यांचं व्हायचं. पोरीला कितीतरी दिवस वाटायचं की जगात सगळीकडे अशीच मापं असतात. एकदा माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला म्हणाली, ‘तुमचा परकर किती विती हवा?’ बाई हसून लोटपोट. हे घर पहिलं, जे तिच्या आईच्या हाताने मोजलेलं नाही. तू हात पसरलास तो तिच्या आईच्या हातापेक्षा मोठा निघाला, इतकंच तुझं चुकलं.

परवाच संध्याकाळी तू पुन्हा फोन केलास, तो तिच्याकडे दिलास आणि गॅस बंद करायला गेलीस. तेवढ्यात तिने मला हळू आवाजात विचारलं, ‘आजी, तुझं मशीनचं टेबल पाच विती होतं. अजून तेवढंच आहे का गं?’ मी म्हटलं, तेवढंच आहे, टेबल कुठे वाढतंय? तर म्हणाली, ‘मला आईची वीत आठवत नाहीये. म्हणजे पाच आठवतंय, पण एक केवढी ते नाही आठवत. हिच्या वितीने मोजायला लागले तर पाचसुद्धा विसरेन.’ तू परत आलीस तशी ती लगेच जेवणाबद्दल बोलायला लागली. तिला तू नको आहेस असं नाही गं. ती जिन्याखाली बसून एक माप सांभाळत होती.

फोन ठेवल्यावर मी ढीग बाजूला सारला. टेबलावरची कात्री, टाचण्यांचं डबडं, खडू, सगळं खाली काढून ठेवलं. रिकामं टेबल मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पांढऱ्या सुती फितीचा गुंडाळा घेतला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फीत लावून कापली. मग तिच्या सारख्या पाच घड्या घातल्या. आम्ही शिवणकामवाल्या भागाकार असाच करतो. पहिल्यांदा थोडं कमीजास्त झालं, पुन्हा घातल्या. पाची कडा एकावर एक आल्या तेव्हा माझ्या हातात जो तुकडा उरला, तो एवढासाच होता. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला, माझी करंगळी बाहेर गेली. तिचा हात लहान होता. लहानपणी तिचे हातमोजे विणताना मी नेहमी दोन टाके कमी घ्यायचे, ते एकदम आठवलं. मी ती घडी गालाशी धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक. गणवेश न्यायला आलेली बाई दारातून तशीच परत गेली.

या पत्रात एक फीत ठेवली आहे. एका टोकाला गाठ आहे, तिथून लाल टाक्यापर्यंत माझ्या लेकीची वीत. पुढची फीत मी मुद्दाम सोडली आहे. तू गाठीवर अंगठा ठेव, हात पसर, आणि करंगळी टेकेल तिथे तुझ्या आवडीच्या रंगाचा टाका घाल. मग भिंगरीला तिच्या वितीचा टाका घालू दे. तो लाल टाक्याच्या बराच अलीकडे पडेल. घर दोघींच्या वितींनी मोजा, तिच्या आईच्या आणि तुझ्या. दोन उत्तरं येतील, नकाशावर दोन्ही लिहायची, दोन्ही बरोबर. एकावरून दुसरं कसं काढायचं हे तिला शोधू दे, त्यात महिनाभराचं गणित आहे. शाळेत घालायचं की घरी शिकवायचं ते तू ठरव, मला विचारू नकोस. ज्या घरात ती वाढतेय तिथली आई तू आहेस.

पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिचा टाका दर वाढदिवसाला थोडा पुढे सरकेल. सरकता सरकता एक दिवस तिची करंगळी त्या लाल टाक्यावर येऊन टेकेल. त्या दिवशी ती मान वर करून खोलीत कुणीतरी आहे का ते पाहील. डॉक्टरांनी मला परवा जे सांगितलं, त्यावरून तेव्हा मी नसेन. हे जावयाला इतक्यात सांगू नकोस. तू तिथे हवीस. हातात जे असेल ते खाली ठेव, तिच्याशेजारी जमिनीवर बस, समजवायला जाऊ नकोस. थोड्या वेळाने तिला म्हण, ‘तुझा टाका अजून पुढे सरकू शकतो, पुढे माझा आहे.’

तुझीच,
आई