हिरवा म्हणजे बंद

३ मार्च
लेकीने परस्पर फॉर्म भरला होता. आज चॅनेलची माणसं घरात सात कॅमेरे लावून गेली. कार्यक्रमाचं नाव ‘सावरताना’. बायको किंवा नवरा गेल्यावर मागे राहिलेला माणूस कसा सावरतो, हे रोज संध्याकाळी आठला दाखवणार. प्रेक्षक गुण देणार. मी नाहीच म्हणणार होतो. पण लेक म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही दोन महिने कोणाशी धड बोलला नाहीत, निदान घरात माणसांचा वावर राहील. सही केली. करार बावीस पानांचा. पहिलं पान नीट वाचलं.
मी स्वतः कार्यक्रम बघायचा नाही असा नियम आहे. टीव्हीची वायर आणि माझा फोन घेऊन गेले.
निश्चय : कामापुरतंच बोलायचं.

४ मार्च, सकाळी ६.१५
कॅमेऱ्यांचं मला काही विशेष वाटत नाही. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं एक्स-रे काढतोय. दारावर लाल दिवा म्हणजे मशीन चालू, हिरवा म्हणजे बंद. इथेही तीच पद्धत. हॉलमधला लाल, बाकी सहा हिरवे. सात लावले आणि चालवतात एकच. नुसता देखावा.

७ मार्च
हॉलमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसतो. हातात शब्दकोश. ‘क’ संपत आला. स्वयंपाकघरात मात्र बनियनवर. जेवायला ब्रेड, तोही उभ्याने. ओट्याशी उभं राहून हिच्याशी थोडं बोलतो, ही अजून असल्यासारखं. पुटपुटतो म्हणा. तेवढं एक कोणाला कळायचं कारण नाही.

९ मार्च
हॉस्पिटलात सिस्टरने डबा पुढे केला. म्हणाली, रोज ब्रेड खाऊन कसं चालेल, आणि बसून खात जा हो. सिस्टरला कसं कळलं? वजन उतरलेलं दिसत असणार.
एक गोष्ट कोणाला कळता कामा नये, लेकीला तर नाहीच. तिला मी सांगितलंय की शेवटी आईचा हात माझ्या हातात होता. त्या एका वाक्यावर ती उभी राहिली. वाक्य खोटं आहे. खरं काय ते वहीतसुद्धा लिहिणार नाही.

१२ मार्च
दिग्दर्शक बाई आल्या होत्या. मला अकरा टक्के. प्रेक्षकांचं म्हणणं, माणूस आहे की दगड. बाई म्हणाल्या, काका, रडू आलं तर अडवू नका, आम्ही परके नाही. मी हो म्हटलं. शब्दकोश उघडला.

१५ मार्च, रविवार
आज हिला सगळं सांगून टाकलं. स्वयंपाकघरात, दिवा हिरवा आहे हे दोनदा बघून. तुझ्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉचमनने स्कूटर हलवायला सांगितली. तू म्हणालीस, जाऊ नका. मी आलोच म्हणून खाली गेलो. स्कूटर हलवली आणि तिच्यावरच बसून राहिलो. वर यायला धीर होईना. अर्ध्या तासाने आलो तेव्हा सिस्टर चादर सारखी करत होती.
बोललो. मोकळं वाटलं. हे काम तरी चोख झालं.

१७ मार्च
बाईंनी सकाळीच येऊन हात हातात घेतला. चौऱ्याण्णव टक्के. मला कळेना. कॅमेरावाला स्टुलावर चढला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, काका, हिरवा म्हणजे चालू. हॉलचा पहिल्या दिवसापासून बिघडलाय, म्हणून लाल. दुरुस्तीला माणूस येतोय.
म्हणजे इस्त्रीचे शर्ट कोणीच पाहिले नाहीत.
लेकीने पाहिलं का, विचारलं. बाई म्हणाल्या, पाहिलं ना. शुक्रवारी शेवटच्या भागात ताई स्टुडिओत बोलणार आहेत. तोवर भेटायचं नाही. कराराचं पान एकोणीस.

१८ मार्च
पान एकोणीस गेलं खड्ड्यात. हॉस्पिटलातून थेट लेकीच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, चॅनेलची गाडी येऊन घेऊन गेली. मग म्हणाली, तुमचं ते स्कूटरवरचं ऐकून आमचे हे सुद्धा रडले हो, एरवी हूं की चूं करत नाहीत. मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

२० मार्च, संध्याकाळी ७.५०
वायर आणि फोन परत मिळाले. लेक मला काय म्हणणार ते आज कळेल. सगळ्या प्रेक्षकांबरोबरच.

८.४०
निवेदकाने तिला विचारलं, वडिलांना माफ केलंत का? तिने तोंड उघडलं आणि जाहिराती लागल्या. साबण, गाडी, पुन्हा साबण. मग ती म्हणाली, ते मी त्यांच्याशीच बोलेन. निवेदक म्हणाला, बोला ना, ते बघतायत. तिने कॉलरचा माइक काढून टेबलावर ठेवला आणि उठून गेली. माझीच लेक. बरं वाटलं. भीतीही वाटली.

८.५५
फोन लावला. एंगेज. ती मलाच लावत असणार. दोघांनी एकदम लावला तर दोघांनाही एंगेजच लागायचा. कोणीतरी एकाने थांबायला हवं. मी थांबतो.

९.४०
तीही बहुतेक थांबली असेल.