ओला तेरडा

बाई, त्या तेरड्याच्या चित्रावर तुम्ही हात फिरवला होता का, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता हे विचारणं म्हणजे वेडेपणाच. पण माझा संशय काही तुमच्याबरोबर गेला नाही. तो माझ्याकडेच राहिला आणि मी तो चांगला सांभाळला. आमच्या घराचं तुम्हाला ठाऊकच आहे. वडील घरच्या म्हशीचं दूधसुद्धा हुंगून प्यायचे. चुलती पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा आधी उलटा करून बघायची. तुम्ही आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायला आलात, तेव्हा तर घराला चांगलंच काम मिळालं. शाळेतली चित्रकलेची बाई, पुण्याची, एकटी, आणि रविवारी दार उघडं टाकून फुलं रंगवत बसते! "एवढी शिकल्याली बाई हितं मुळशीत कशाला आलीया? काय तरी बिनसल्यालं आसनार," असं चुलती म्हणायची, आणि मग स्वतःच तुम्हाला कालवणाची वाटी नेऊन द्यायची. येताना डोळे खोलीभर फिरवून यायची.

मलाही आधी टेहळणीलाच पाठवलं होतं. तुम्ही "बस" म्हणालात आणि मी बसले, ती दोन-तीन पावसाळे उठलेच नाही. तुमची ती खोली मला आत्ताही दिसते. खिडकीखाली पत्र्याची पेटी, तिच्यावर पाण्याचे दोन पेले, एक ब्रश धुवायचा आणि एक स्वच्छ. तुम्ही कागदावर रंग लावता, लगेच ब्रश खाली ठेवता आणि स्टोव्हकडे वळता. "वाळू दे. तोवर चहा." चहा पिऊन होईपर्यंत कागदाकडे बघायचं नाही, हा तुमचा नियम. रंग वाळला की दुसरा रंग, आणि शेवटी बारीक ब्रशाने पाकळीच्या कडेला एक तपकिरी रेघ. तुमची फुलं कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ असायची. एकदा मी चिडून जास्वंदीला काळा रंग फासला, तर तुम्ही कागद काढून घेतलात. "फुलाकडे बघ. तुझं तुझ्याजवळ ठेव." मला तेव्हा फार लागलं होतं ते. तुम्ही तुमचं स्वतःचं कुठे ठेवता, असा प्रश्नही पडला होता, पण विचारायची टाप नव्हती.

त्या वर्षी गौरीला ताई यायची होती. लग्नानंतरची तिची पहिलीच गौर. चुलतीने डोंगरावरून तेरडा उपटून आणला, आईने घर सारवलं, मी दुपारपर्यंत फाट्यावर उभी राहिले. सासरच्यांनी ताईला पाठवलंच नाही. एसटीतून उतरलेल्या कुणीतरी निरोप दिला आणि मी उरलेल्या तेरड्याची एक मूठ घेऊन तडक तुमच्या खोलीत आले. तुम्ही काहीतरी विचारलंत, मी कागद पुढ्यात ओढला. काय रंगवलं ते मला धड आठवत नाही. आईने हाक मारली तशी कागद जमिनीवर तसाच टाकून मी निघून गेले.

पुढे ते चित्र मी पाहिलं ते एकदम तालुक्याच्या स्पर्धेत, तुम्ही मला न सांगता पाठवलेलं, पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी लावलेलं. मला त्याची ओळखच पटेना. गुलाबी-जांभळा तेरडा, आणि त्याचा रंग पाकळीत न थांबता मागच्या करड्या आभाळात पसरत गेलेला, फूल कुठे संपतं ते कळू नये असा. माझ्यासारख्या पोरीला हे कुठून सुचणार? वडिलांनी मान वाकडी करून बघितलं. "ह्ये तू काढलंस व्हय? खरं सांग. बाईंनी हात फिरवला आसंल." आपल्याकडे शिक्षक पोरांच्या चित्रावर हात फिरवतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात कुणाला फारसं वावगंही वाटत नाही. मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "तुमी हात फिरवला का?" तुम्ही ब्रश फडक्याला पुसत होता. पुसत राहिलात आणि म्हणालात, "तुला काय वाटतं?"

बाई, हे काय उत्तर झालं? नाही म्हणायला काय जात होतं तुमचं? मी ते तुमचं कबूल करणंच समजले. मग माझं तुमच्या खोलीत येणं कमी झालं, तुमची बदली झाली, आणि माझा ब्रश सुटला. बक्षीस मिळालेलं एकमेव चित्र जर आपलं नसेल, तर बाकीची काढून काय करायची?

आता मी महाळुंग्याला राहते, कंप्युटरवर नोकरी करते. गेल्या आठवड्यात कंपनीने आम्हाला धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर नेलं, जलरंगात फुलं काढायला. शिकवणारी मुलगी गोड आवाजात सांगत होती, "मनात जे आहे ते फुलात उतरू द्या." मी लगेच सावध. ऑफिसात काही जणांना नारळ मिळणार अशी कुजबुज आहे, आणि अशा वेळी यांना आमच्या मनातलं कशाला हवंय? शेजारच्याला मी हळूच सांगितलं, "सूर्यफूल काढ. आनंदी दिसशील." त्याने खरंच काढलं.

मीही तेच काढणार होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती बंगळूरला असते. "आई, गौरीला नाही जमणार गं. सुट्टी नाहीये." आवाजावरून सुट्टीचं कारण मला खरं वाटलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं." फोन ठेवला. कुंपणाला तेरडा फुललेला होता. मी तो काढायला बसले आणि पहिला रंग वाळायची वाट बघितलीच नाही. ओल्यावरच ओला रंग लावत सुटले. ती मुलगी मागे येऊन थांबली. "मॅम, किती सुंदर पसरलाय! मुद्दाम केलंत?"

"नाही," म्हटलं. "धीर नव्हता."

आणि माझा हात तिथेच थांबला. समोर तोच तेरडा होता. तसाच कडेबाहेर गेलेला, तसाच करड्यात मिसळलेला.

संध्याकाळी मी परस्पर गावच्या घरी गेले. आईने चित्र गोधड्यांच्या खाली जपून ठेवलं आहे. तिला विचारलं, त्या दिवशी बाईंनी यावर काही केलं होतं का? आई हसली. "केलं म्हंजे? दारात बसून राह्यल्या की! कोंबड्या आत शिरत व्हत्या. मी म्हनलं, बाई, उचलून ठिवा वर. तर न्हाई म्हनाल्या, वल्लं हाय, हलवलं तर रंग पळंल. च्यासुदिक घेतला न्हाई." आईवरही मी पटकन विश्वास ठेवत नाही. मला बरं वाटावं म्हणून ती रचून सांगते. पण तुमचा चहा सुटल्याचं ती रचेल असं वाटत नाही.

म्हणजे रंग वाळू द्यायचा आणि आपलं आपल्याजवळ ठेवायचं, हे तुमचे दोन्ही नियम मोडून मी निघून गेले होते, आणि तुम्ही त्या चित्राची राखण करत उंबऱ्यात बसला होतात. इतकं तुम्ही मला सांगू शकला असतात. का नाही सांगितलंत, याचा संशय आता नवा लागलाय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून पुढच्या खेपेला चित्राबरोबर गोधड्यांखालीच ठेवून देईन. फक्त एक सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघण्याआधी मी ते चित्र अंगणात उजेडात धरलं आणि कोपरान् कोपरा तपासला. तुमची तपकिरी रेघ कुठेच नाही. सगळं चित्र माझंच आहे. आणि बाई, मला तर ती रेघ सापडायला हवी होती. तुमच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही.