कोणाचे दाजी?

प्रिय टिल्लू,

नातवंडांसमोर या नावाने हाक मारायची नाही, असं मागच्या भेटीत तू मला बजावलं होतंस. पण पत्र एकट्याने वाचायचं असतं, तेव्हा इथे तू टिल्लूच. कोणाला मोठ्याने वाचून दाखवलंस तर तुझं तू निस्तर.

आधी बातमी. रविवारी क्लबने तुझ्या दाजींचा सत्कार केला. एकाच क्लबकडून इतकी वर्षं खेळलेला दुसरा माणूस नाही म्हणे, आणि गंमत म्हणजे माणूस अजून खेळतोच आहे. आठवडाभर घरात नुसती धुसफूस होती. "सत्कार म्हणजे काय, गोड बोलून घरी बसवायचं," असं रोज दाढी करताना आरशाला सांगायचे. मी नवा शर्ट आणला तर म्हणाले, "कशाला हा खर्च?" आणि संध्याकाळी खोलीचं दार लोटून तोच शर्ट घालून, मान तिरकी करून स्वतःला बघताना सापडले. मी वरचं बटण लावून दिलं.

क्लबचा नवा हॉल तू पाहिलेला नाहीस. मैदानाकडे तू फिरकलास तरी कुठे! हॉलच्या भिंतीवर क्लबचा सगळा इतिहास फोटोंनी मांडला होता, आणि पहिलाच फोटो आपल्या बसचा. डेपोतल्या मेकॅनिककाकांनी भंगारातून सोडवून आणलेली ती बस आठवते ना? इंजिन नाही, चाकं नाहीत, विटांवर उभी. तोच आपला पॅव्हेलियन. पुढच्या बाकांवर पॅड बांधून बसलेले फलंदाज, मागच्या बाकांवर बाद होऊन आलेले आणि अंपायरला शिव्या घालणारे. चहाची वेळ झाली की ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले काका भोंगा वाजवायचे. कंडक्टरची जागा माझी, मांडीवर धावांची वही. शाळेतल्या सिस्टरांनी छडी मारून घटवून घेतलेल्या वळणदार अक्षरात मी तुम्हा सगळ्यांची शून्यं काढायचे. तू एकदा वहीत डोकावून म्हणाला होतास, "ताई, तुझ्या हातचं शून्य बघितलं की बाद झाल्याचं दुःखच होत नाही."

त्या बसमध्ये यांना तूच आणलंस. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. तुमचा अकरावा गडी तापाने पडला, आणि तू थेट आमच्या चष्म्याच्या दुकानात घुसलास. "दाजी, चला, एक माणूस कमी पडतोय!" गिऱ्हाईक बिचारं एका डोळ्यावर हात ठेवून भिंतीवरची अक्षरं वाचत होतं. हे तसेच निघाले. तो माणूस बराच वेळ वाचत बसला होता म्हणे, मग हात काढला तर दुकानात कोणीच नाही! यांना धड झेल घेता येत नव्हता. तू दिवसभर मैदानात ओरडत होतास, "दाजी, डावीकडे! दाजी, वाका की थोडं!" चहापर्यंत सगळा संघ यांना दाजी म्हणायला लागला. पुढे समोरच्या संघाचे खेळाडू म्हणू लागले, अंपायर म्हणू लागले. यांच्या वडिलांच्या वयाचे मेकॅनिककाका, तेसुद्धा शेवटपर्यंत "दाजी, जरा पाणी द्या" असंच म्हणत गेले.

मग ती अंतिम लढत. तिच्याविषयी आपण तिघं कधी बोललो नाही, म्हणून मीही पटकन उरकते. तुम्ही दोघं सलामीला होतात. यांनी "ये" म्हणून हाक दिली, तू धावलास, आणि अर्ध्या वाटेत असतानाच धावबाद झालास. आपण हरलो. हरण्याचं काही नव्हतं रे, एरवी तर आपण पहिल्याच फेरीत हरायचो. पण बसच्या दारात उभा राहून, सगळ्यांच्या देखत तू म्हणालास, "लोकांना चष्मे विकता ना? आधी स्वतःला एक लावा!" सगळे हसले. हे हसले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तू बदली मागून घेतलीस आणि पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाहीस.

नातं तू तोडलं नाहीस, हे मी कधीच विसरणार नाही. मुलांच्या लग्नात राबलास. यांच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्याआधी तू दवाखान्यात हजर होतास. पण तुम्ही दोघांनी माझ्या घरात क्रिकेटचा 'क' उच्चारला नाही, आणि एकमेकांशी बोलायचं ते माझ्यामार्फत. "ताई, त्यांना मीठ हवंय का विचार." "त्याला सांग, बरोबर आहे चव." आणि मिठाची बाटली तुमच्या दोघांच्या मधोमध! माझी मान टेबलापाशी जितकी इकडेतिकडे फिरली असेल, तितकी कंडक्टरच्या जागेवर बसूनही कधी फिरली नाही.

तर, सत्कार. क्लबची कप्तान आता एक मुलगी आहे, दातांची डॉक्टर. भारी चुणचुणीत. गोलंदाजी अशी टाकते की समोरच्याने आधीच तोंड उघडावं. भाषणं नकोत, आपण दाजींशी गप्पाच मारू, असं तिने ठरवलं होतं. भेट म्हणून क्लबने काय दिलं असेल? आरामखुर्ची! मी डोळेच मिटून घेतले. म्हटलं, आता बिनसलं. पण हे खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान आहे. स्लिपमध्ये ठेवा, माझी जागा तीच आहे." हॉल दणाणून गेला.

मग त्या मुलीने विचारलं, "दाजी, एक सांगा. आम्ही सगळे तुम्हाला दाजी म्हणतो. माझे बाबाही दाजीच म्हणायचे. पण तुम्ही नक्की कोणाचे दाजी?"

टिल्लू, हॉलमध्ये दोनशे माणसं असतील, पण उत्तर माहीत असणारे दोघं-तिघंच असतील. लोक हसत होते. मला वाटलं, हेही काहीतरी विनोद करून सुटतील. पण यांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "माझ्या मेहुण्याचा. हा क्लब त्याने आणि मेकॅनिककाकांनी काढला. या भिंतीवर तो कुठेही दिसणार नाही, कारण हे सगळे जुने फोटो त्यानेच काढलेत."

मी वळून भिंतीकडे बघितलं. खरंच की. कॅमेरा तुझाच होता. इतक्या वर्षांत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

पुढे जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "एकदा मी त्याला 'ये' म्हटलं. तो आला. चेंडू कुठे आहे, तेसुद्धा बघितलं नाही. धाव होती, असं माझं आजही मत आहे..." मागून कोणीतरी म्हातारा ओरडला, "नव्हती हो, दाजी!" ते त्या दिवशीचे अंपायर निघाले. पुन्हा हशा. "बरं, नव्हती. माझी चूक. पण त्यानंतर मी कितीतरी जणांना 'ये' म्हटलं. प्रत्येकाने आधी चेंडूकडे बघितलं. माझ्या नुसत्या शब्दावर पळाला तो हा एकटाच. मी त्याचा दाजी आहे. तुम्ही सगळे नंतरचे."

एवढ्यावर थांबतील तर ते तुझे दाजी कसले! म्हणाले, "आणि माझ्या नजरेविषयी तो जे बोलला तेही खरं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी गुपचूप नंबर काढून घेतला. बायकोला वाचायचा चष्मा म्हणून सांगितलं." सगळा हॉल माझ्याकडे वळला. चारचौघांत रडायचं नाही, हे सिस्टरांनी शिकवलं होतं. एकाच वेळी रडू आणि हसू आलं तर काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं. शेजारच्या बाईंनी पुढे केलेला रुमाल मी अजून परत केलेला नाही.

आता पत्राचं कारण. त्या मुलीने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सामना, जुने विरुद्ध नवे. जुन्यांचे कप्तान दाजी. सलामीला बरोबर कोण, असं विचारलं तर यांनी तुझंच नाव सांगितलं. तुला न विचारता. आणि घरी येऊन चपला काढताना म्हणाले, "तूच कळव त्याला. मी बोलावलं तर या वेळी तो आधी चेंडूकडे बघेल." तर मी कळवते आहे. पांढरी पँट नसेल तर शोधत बसू नकोस, यांची एक मी कमरेत सैल करून ठेवली आहे. अजून सैल हवी असेल तर लाज न बाळगता कळव. गुडघ्यांची सबब चालणार नाही, यांचे तुझ्याहून वाईट आहेत. आणि आता हे लिहिते आहे तेव्हा तुझे दाजी अंगणात बॅट घेऊन उभे आहेत आणि "ये!", "थांब!", "नको!" अशी मोठमोठ्याने तालीम चालली आहे. शेजारीण दोनदा "मला बोलावलंत का?" म्हणत येऊन गेली. दोन्ही वेळा मी तिला चहा दिला. तेव्हा बाळा, तू एकदाचा ये, म्हणजे ती हाक ज्याच्यासाठी आहे त्याला तरी पोचेल.

तुझीच, आणि इतकी वर्षं तुमचे निरोप पोचवून मान अवघडलेली,
ताई