शाळेमागचा चर

नाशिक,
११ जानेवारी १९७९

ती. लताअक्कास,
देवरामचा सविनय जयभीम. विनंती विशेष.

पोतं पोचलं. स्टँडवर उतरवून देताना कंडक्टर म्हणाला, मास्तर, फुटकी मडकी नांदगावहून मागवता, नाशकात काय फुटत नाहीत का? तू दवाखान्याची ड्यूटी संपवून घरोघर खापरं मागत फिरलीस, तेव्हा लोकांनी नर्सबाईंना काय काय विचारलं असेल, ते मला ऐकायला हवं होतं.

आता कारण सांगतो. सहावीला सिंधू संस्कृती सुरू केली की मागच्या बाकांवर माना पडतात. दिवाळीत पुण्याला शिक्षकांच्या शिबिरात उत्खननाचा चर कसा आखतात, मातीचे थर कसे ओळखतात ते दाखवलं होतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. काल सुट्टी होती, म्हणून शाळेमागे पेरूच्या झाडापलीकडे एकट्यानेच खड्डा घेतला. तळाशी तू पाठवलेली काळी खापरं, त्यावर राख, माती, मग तांबड्या गाडग्यांचे तुकडे, पुन्हा माती. पाणी मारून सगळं दाबलं. खालचं ते जुनं आणि वरचं ते नवं, हे मुलांना आता हातांनी कळेल. शेवटच्या दिवशी सांगेन की हे मीच पुरलं होतं, आणि सगळे मिळून हसू.

दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना बिडी सोडायला सांग. माझं नाव घेऊन सांग.

तुझ्या मायेतला,
देवराम


नांदगाव,
१८ जानेवारी १९७९

चि. देवरामास,
अक्काचा आशीर्वाद.

लोकांनी विचारलं, बाई, दवाखान्यात आता खापराचं औषध देतात का? नवसाबाई कुंभारीण तर रुसलीच. म्हणाली, चांगली मडकी कुणी घेत नाही आणि फुटक्यांना एवढं मागणं! काळा वाडगा तिच्याच हातचा आहे. माझ्याकडून मोरीत पडून फुटला.

एक सांगते. पोरांना आधीच सांग की हा खेळ आहे. खेळ आहे हे माहीत असलं तरी पोरं जीव लावून खेळतात. शेवटी सांगायचं म्हणतोस ते मला बरं वाटत नाही.

दाजींनी बिडी सोडली, असं ते म्हणतात. शर्टाला वास मात्र येतो.

जेवण वेळेवर करत जा.
तुझी,
अक्का


नाशिक,
९ फेब्रुवारी १९७९

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

उत्तराला उशीर झाला. चर फार छान झाला. मुलं सुट्टीतसुद्धा येऊन बसतात. सुतळीने चौकोन आखले, खुरपीने माती काढली, ब्रशने झाडली. वर्गात तोंड न उघडणारी चांगुणा नावाची मुलगी आहे. पेठकडची माणसं, वडील पुंजा अंबडच्या कारखान्यात हेल्पर आहेत. ती प्रत्येक तुकड्याचं चित्र काढते. काळ्या वाडग्याच्या काठावर अंगठ्याचा ठसा सापडला, त्यात तिने आपला अंगठा बसवून पाहिला आणि म्हणाली, सर, ही बाई होती, माझ्याएवढाच अंगठा आहे. मग हळूच म्हणाली, ती मेली आणि हे राहिलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी पुढचा तुकडा झाडायला दिला.

जरा गडबडही झाली आहे. हेडमास्तरांनी कुणाला तरी बोलावलं. सविस्तर पुढे लिहीन.

कळावे,
देवराम


नांदगाव,
१५ फेब्रुवारी १९७९

चि. देवराम,

गडबड काय ती मला कळली. आमच्या कंपाउंडरने पेपर आणून दाखवला. नाशकात शाळेच्या आवारात दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, आणि खाली तुझा फोटो. हातात माझा वाडगा! आधी मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग फोटोत तुझ्या शेजारी उभी असलेली पोरगी दिसली. तिचं तोंड पाहिलं आणि हसू गेलं.

अरे, जिचा अंगठा आहे ती मेलेली नाही. आज सकाळी नवसाबाई माझ्या दारासमोरून चाकाच्या वंगणासाठी तेल मागत गेली.

आपल्या घरात हायस्कूलचा पहिला मास्तर तू. आईने सगळ्या वस्तीत पेढे वाटले होते. तू खोटं बोलला नाहीस, पेपरवाला बोलला, असं मला लिहू नकोस. तू तिथे उभा होतास.

पोरांना सांगितल्याशिवाय मला पत्र पाठवू नकोस.
अक्का


नाशिक,
४ मार्च १९७९

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

सांगितलं, म्हणून लिहितो आहे. पण ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी नाही.

पेपर आल्यावर मी हेडमास्तरांकडे जाऊन खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, आता मागे फिरलो तर शाळेचं हसं होईल. शाळेत खापरांचं प्रदर्शन ठेवलंय ते होऊन जाऊ द्या, लोक विसरतील. मी मान डोलावली. अक्का, मला ते ऐकायचंच होतं.

प्रदर्शनाला चांगुणाचे आईवडील पेठहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आले. सगळे नवे कपडे घालून आले होते. ती मुलगी टेबलामागे उभी राहून दिवसभर सांगत होती, हा खालचा थर, ही चुलीची राख, हा बाईचा अंगठा. चूल मी तिला कधी सांगितली नव्हती. ती तिने स्वतः ओळखली होती, आणि ते चूकही नव्हतं. राख मी माझ्या चुलीतलीच टाकली होती. दुपारी एका कॉलेजातले पुरातत्त्वाचे वयस्क प्राध्यापक आले. त्यांनी काळा तुकडा उचलला, उलटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि अलगद जागेवर ठेवला. तिला म्हणाले, बाळ, चित्रं फार नेमकी काढली आहेस. मला एक शब्द बोलले नाहीत. चारचौघांत बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी वर्गात सगळं सांगितलं. काही मुलं हसली, एकाने बाक वाजवला. चांगुणा उभी राहिली आणि तिने विचारलं, सर, आम्ही खणत होतो तेव्हा तुम्ही मनात हसत होता का? मी नाही म्हणालो. ती खाली बसली. तिला ते खरं वाटलं नाही.

संध्याकाळी पुंजा शाळेत आले. भांडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, सर, पोरीचं जाऊ द्या, पर पाहुन्यांना मी आता काय सांगू? मी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. हेडमास्तर माझ्याशी बोलत नाहीत. पेपरवाल्याला मी लिहून दिलं, त्याने छापलं नाही.

चांगुणा माझ्या तासाला पुस्तकातून मान वर काढत नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला तरी मला वाटतं, यानेही तो फोटो पाहिला असेल.

देवराम


नांदगाव,
१० मार्च १९७९

चि. देवरामास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दाजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला इकडे चार दिवस बोलव. मी नाही बोलावणार. इकडे आलास तर मी तुला पुरणपोळी खाऊ घालेन आणि तू बरा होशील. पोरगी तिथेच राहील.

माफी मागून तू मोकळा झालास, ती झाली नाही. पाहुण्यांना काय सांगायचं ते पुंजा शोधतील, मोठं माणूस आहे. पण जिने राख पाहून चूल ओळखली, तिला तू पुन्हा मान खाली घालून बसवलीस. तुमच्या नाशकात खरं जुनं काही नाही का? असेल तर तिला ते दाखव. ती तुझ्याशी बोलेल म्हणून नाही. नाही बोलली तरी दाखव.

उन्हाचा फिरू नकोस, टोपी घाल.
तुझी,
अक्का


नाशिक,
२७ मार्च १९७९

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

रविवारी सकाळी मुलांना जुन्या गढीवर नेलं. गोदावरीच्या काठची ही मातीची टेकडी. पंचवीसएक वर्षांपूर्वी पुण्याच्या लोकांनी तिथे खरं उत्खनन केलं होतं. नदीकडची कड ढासळते, तिथे थर उघडे दिसतात आणि खापरं डोकावतात. मुलांना सांगितलं, काहीही उपटायचं नाही, बघायचं आणि चित्र काढायचं. अर्धा वर्ग आलाच नाही. मी पुंजांच्या घरी जाऊन विचारलं होतं. ते चांगुणाला घेऊन आले आणि स्वतःही थांबले.

ती बराच वेळ लांब उभी होती. मग कडेजवळ गेली, एका खापरापाशी वाकली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, सर, हे तुम्ही ठेवलंय का? मी नाही म्हणालो. थोडं पुढे जाऊन तिने दुसरं दाखवलं, तेच विचारलं. मग तिसरं. मुलं हसली नाहीत, अक्का. तिचा आवाज चिडका नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. दर वेळी मी नाही म्हणायचो आणि माझा चेहरा तापायचा. तिच्या वडिलांकडे पाहण्याची हिंमत झाली नाही.

शेवटी तिने विचारलं, मग हे किती जुनं? पूर्वीचा मी झटकन काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. मी म्हणालो, मला माहीत नाही. जाणकारांना विचारावं लागेल, कदाचित त्यांनाही नक्की सांगता येणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, महिन्याभरात पहिल्यांदा. मग खाली बसून वही उघडली.

चित्र तिने मला दाखवलं नाही. मागून जाताना मला दिसलं. खापराच्या खाली तिने लिहिलं होतं, कुणाचं ते माहीत नाही. सरांनाही माहीत नाही.

परत येताना ती वडिलांचं बोट धरून पुढे चालत होती आणि हात हलवून हलवून त्यांना थर समजावून सांगत होती. मी बराच मागे राहिलो.

रागावली असलीस तरी पत्र लिहीत राहा.
तुझा,
देवराम