भूमच्या मुलीचा नकार

अल्ताफभाई,

सलाम मनापासून येत नाही, म्हणून लिहीत नाही.

काल चाची आमच्या अम्मीजवळ रडत होत्या, "भूमच्या पोरीनं लग्नाला न्हाय म्हटलं. कारण बी सांगंना. माझ्या अल्ताफात काय कमी हाय?" मी मान खाली घालून चहा गाळत राहिले. मला लई आनंद झाला होता.

गावात मुलींना बसायला कट्टा नाही. कोरियन बँडच्या गाण्यांसाठी आम्ही मोबाइलवर केलेला ग्रुप हाच आमचा कट्टा होता. माझी मैत्रीण वर्षाराणी बोलताना अडखळते, पण तिथं ती गायची आणि कुणी हसायचं नाही. तुम्ही मुलीच्या नावानं आत शिरलात आणि तिचं गाणं गावभर पाठवलंत. येरमाळ्याच्या स्टँडवर पोरं ओरडायची, "ए कोरियाच्या सूनबाई, म्हण की गाणं!" तिनं कॉलेज सोडलं. तुम्ही मला म्हणालात, "गंमत केली गं."

भूमची मिनाज आमच्याच ग्रुपमधली. तुमचं स्थळ तिच्याकडे गेल्यावर मीच तिला सांगितलं, तो आत शिरलेला माणूस हाच.

हे तुमच्या तोंडावर सांगून तुमचा चेहरा बघायची फार इच्छा आहे. पण आम्ही नवा ग्रुप केला आहे. मिनाजच्या नकाराचं कारण तुम्हाला कळलं, की तुम्ही तोही शोधून काढाल. परवा वर्षाराणी तिथं पुन्हा गायली. अर्धंच कडवं, पण गायली.

म्हणून हे पत्र आत्ता चुलीत घालते आहे.

तुमची चुलत बहीण,
निखत, बी.ए.