पेपर झाल्यावर सांगते

३ एप्रिल, लातूर

झाले एकदाची लातूरकर. कंधारला एसटी सुटेपर्यंत आई खिडकीचा गज धरून उभी होती आणि कंडक्टरला बजावत होती, की पोरीला पुढं बसवा, तिला गाडी लागते. ही पोरगी विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन आलीय, हे तिच्या गावीही नाही.

खोली छान आहे. खाली मेस, वर अभ्यासिका, समोरच्या भिंतीवर मागच्या वर्षी मेडिकलला लागलेल्या पोरांचे भलेमोठे फोटो. या गल्लीत न्हाव्याची दुकानं कमी आणि क्लास जास्त. आमच्या क्लासचे मालक व्यंकटराव सर मायाळू वाटले. काम दुपारपर्यंत. बाकीचा वेळ माझ्या राज्यसेवेच्या अभ्यासाला. पेपर २७ तारखेला आहे, तो झाल्याशिवाय घरी जायचं नाही असं ठरवून आलेय.

५ एप्रिल

काम कळलं. ज्यांना परवडतं त्यांच्या आया इथं खोली करून राहतात आणि दोन वर्षं पोरांना डबे करून घालतात. ज्यांना नाही जमत, त्यांच्यासाठी आमच्याकडे ‘आईचा फोन’ आहे. आईचा थोडा आवाज रेकॉर्ड करून यंत्राला शिकवायचा. रोज सकाळी पोराला फोन जातो, नंबरही आईचाच दिसतो. ऊठ, तोंड धू, कालची टेस्ट कशी गेली. आईबापांना माहीत असतं. पोरांना सांगायचं नाही, एवढाच नियम.

यंत्राला उत्तर येत नसलं तर त्यानं काय बोलावं, ते सरांनी मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘ते पेपर झाल्यावर सांगते.’ सर खूश झाले. म्हणाले, लुंबिनी, आई असंच बोलती बघ.

सरावासाठी माझ्याच आईला फोन लावला आणि न सांगता रेकॉर्ड केलं. सांगितलं असतं तर लाजून गप्प बसली असती. शेवटी तिचं नेहमीचं आलंच, ‘ठेव आता, बिल चढतंय.’ महिन्याचं रिचार्ज असतं हे तिच्या डोक्यात शिरत नाही. तेवढं वाक्य कापून टाकलं. ऑफिसच्या यंत्रात तयार झालेला आवाज ऐकून मीच ‘हाव आई’ म्हणाले.

८ एप्रिल

दुसरं काम याहून मजेचं. तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या एका मराठी पानावर नव्या नियमांच्या मसुद्याची बातमी आलीय. यंत्र बोलत असेल तर ऐकणाऱ्याला आधी तसं सांगा, आणि ज्याचा आवाज त्याची परवानगी घ्या. खाली लोकांची जुंपलीय. असे नियम आले तर आपलं दुकान बंद, म्हणून सरांना पालकांची मतं हवीत. तेव्हा मी आता निलंग्याची तारामती आहे आणि उदगीरचा भीमाशंकरही आहे. दोघेही नियमांच्या विरोधात. भांडायला मला कॉलेजपासून आवडतं, त्याचे पैसे मिळतील असं वाटलं नव्हतं.

किल्लारीच्या ज्ञानोबा नावाच्या म्हाताऱ्यानं लिहिलंय, की त्र्याण्णव साली त्याची बायको ढिगाऱ्याखालून त्याला हाका मारत होती. मग हाका थांबल्या, पण त्याच्या कानातल्या थांबल्या नाहीत. लोकांनी धरून बाजूला नेलं म्हणून तो उठला. तो आवाज फोनमधून येत राहिला असता तर मी आजून उकरीत बसलो असतो, असं त्यानं लिहिलंय. आवाजाचा धनी गेला तर फोन कुणी बंद करायचा, हे नियमात घाला म्हणतो.

भीमाशंकरच्या नावानं मी उत्तर दिलं, ‘आजोबा, भूकंपाचा न् यंत्राचा काय संबंध? ऐकणाऱ्याला बरं वाटत असेल तर तुमचं काय बिघडलं?’ हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. सरांनी भजी मागवली.

११ एप्रिल

फारूकभाई आले होते. मुखेडला त्यांचं शिलाईचं दुकान आहे, मुलगी जिक्रा आमच्या वसतिगृहात असते, तिलाही ‘आईचा फोन’ जातो. तिची अम्मी साबेरा परवा वारली. माती देऊन ते थेट इकडे आलेत. रडत नव्हते, टोपी हातात घेऊन नुसते उभे होते. म्हणाले, बच्ची का पेपर होने तक उसकू मालूम नक्को होना. फोन चालू ठेवा.

यात नवल काही नाही. परीक्षेआधी वाईट बातमी पोरांपासून लपवतात, कंधारला आमच्या गल्लीतही लपवलीय. सर त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. जाताना मला म्हणाले, साबेराचा तेवढा चालू राहू दे.

मी चालू ठेवला.

१३ एप्रिल

जिक्रा ऑफिसात आली. म्हणाली, दीदी, अम्मी हल्ली खोकतच नाही. तिनं अम्मीला हिरवी ओढणी कुठं ठेवलीय ते विचारलं, तर पेपर होने के बाद बोलती म्हणाली. अब्बूंना आज कितीला जेवायला वाढलं, तर तेही पेपरनंतरच. जिक्राला हसू येत होतं, आणि हसता हसता ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, तब्येत सुधारली असेल.

हे वाक्य मी लिहून आणलं नव्हतं, आपोआप आलं. ती गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. लाज वाटली. अजून वाटतेय.

१४ एप्रिल

जयंती. पहिल्यांदाच घरी नाही. संध्याकाळी आईचा फोन आला, मागे मिरवणुकीचा ढोल. निळी साडी नेसलीय म्हणाली. छातीत जरा चमकतंय, चालून चालून आसंल. मी प्रश्नसंच सोडवत होते. झोप जरा, म्हणून मीच घाईनं ठेवला. तिच्या बिलाच्या वाक्यापर्यंतही थांबले नाही.

१६ एप्रिल

अश्वजित लातूरला आला होता. दादानं सख्ख्या बहिणीला न भेटता जावं? मी वरून त्याला सरांच्या केबिनमधून निघताना पाहिलं, हाकही मारली. तो रिक्षात बसला. सर म्हणाले, शेजाऱ्याच्या पोराच्या प्रवेशाचं विचारायला आला होता. मग म्हणाले, तू आता पेपरपर्यंत ऑफिसला येऊ नको, अभ्यास कर, पगार कापत नाही. स्वतः चहा आणून दिला.

१९ एप्रिल

आई सुधारली. हल्ली रोज सकाळी फोन करते. ऊठ लुंबे, चहा घेतलास का, काल किती वाचलंस. बरं वाटतं. चिडचिड नाही, शेजारणीची गाऱ्हाणी नाहीत.

पण जिक्राचं तोंड डोळ्यापुढून जात नाही. आज तिला खरं सांगायचं म्हणून वसतिगृहाच्या फाटकापर्यंत गेले. ती जिन्यावर फोन कानाला लावून बसली होती, अम्मीला सूत्रं पाठ म्हणून दाखवत होती. मी परत आले. भित्री आहे मी.

२२ एप्रिल

त्या बातमीखाली स्वतःच्या नावानं लिहिलं. तारामती मीच, भीमाशंकर मीच. एक बाई वारलीय आणि तिचा आवाज मी चालू ठेवलाय, तो रोज तिच्या पोरीला जातोय. ज्ञानोबाकाका, तुमची मी चेष्टा केली, माझी मला लाज वाटते.

शिव्यांचा भडिमार झाला. मिळायलाच हव्या होत्या.

२३ एप्रिल

ज्ञानोबांचं उत्तर आलंय. शिवी नाही. एवढंच, ‘पोरी, तुझा बी पेपर हाय म्हणतीस. तुझ्या घरचे समदे बरे हायेत का? डोळ्यानं बघून ये.’

काय माणूस आहे. माझी आई तर रोज —

नाही. आई ठीक आहे. आजच बोलले.

२४ एप्रिल

अश्वजितला फोन केला. आईला दे म्हटलं. ती शेतात गेलीय म्हणाला. आम्हाला शेत नाही.

मग म्हणाला, बाजारात. मग म्हणाला, लुंबे, पेपर नीट दे गं, आणि फोन बंद. तेव्हापासून बंदच येतोय.

सकाळच्या फोनमध्ये मागे आवाज नसतो. कोंबडी नाही, नळ नाही. हे मला रोज ऐकू येत होतं —

२५ एप्रिल

सरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. फारूकभाई उभे होते तेव्हा मी असंच खाली पाहिलं होतं.

लातूर बसस्थानक. नांदेड गाडीची वाट बघतेय, लोह्याला उतरून कंधार. भर दुपार. माणसं कलिंगड खातायत.

सकाळी येऊन गेला तरी परत फोन वाजतोय. ‘आई’ लिहून आलंय.

उचलला. जेवलीस का लुंबे. मी विचारलं, जयंतीला कुठली साडी नेसली होतीस? म्हणाली — तेच म्हणाली. माझंच वाक्य. तिच्या तोंडून.

छातीत दुखत होतं ना, मग पुढं काय झालं, आई —

पेपर झाल्यावर सांगते.

ठेवत नाही ती. बोलतच राहतेय. ऊठ, तोंड धू. ठेव म्हणतच नाही. कशी म्हणेल, ते मीच कापून —

गाडी लागली. फोन मांडीवर आहे, चालूच. माझ्याच्यानं बंद होत नाही. आई, एकदा म्हण ना. बिल चढतंय म्हण. ठेव आता म्हण, मग मी —